गुणाजी घाडीच्या सात सीटा

गुणाजी घाडी गाड्यांच्या सीटा बनवायचा. जोगेश्वरीला हायवेच्या कडेला आमची गॅरेजांची गल्ली होती, तिथे त्याचं दुकान. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, दबलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, नवा काथ्या भरायचा आणि दाभणाने शिवून टाकायचं. शेजारची टपरी माझी. मी रतन गायकवाड, नंबरप्लेटा रंगवायचो. दोन दुकानांच्या मध्ये पत्र्याची भिंत होती, तीसुद्धा छातीपर्यंतच. त्यामुळे त्याचं पुटपुटणं मला आणि माझं खोकणं त्याला दिवसभर ऐकू यायचं.

तो मूळचा कणकवलीकडचा. बाप गिरणीत होता, म्हणून हाही गिरणीत. ब्याऐंशीचा संप झाला आणि गिरणी सुटली ती सुटलीच. सहा-सात महिने वाट बघून गुणाजी आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सीटवाल्याच्या हाताखाली येऊन उभा राहिला. तेव्हा वय अडतीस. दोन वर्षांनी म्हाताऱ्याने दुकान त्याच्याच हवाली केलं आणि तो गावाला निघून गेला. गुणाजीचा हात चांगला होता, पण जिवाला चैन नव्हती. गिऱ्हाईक पसंत करून गेलं तरी हा शिवण पुन्हा उसवायला घ्यायचा.

"आता काय झालं रे?" मी विचारायचो.

"डावी बाजू जरा बसलीय. माणूस तिरका बसेल."

मला काहीच दिसायचं नाही. त्याला दिसायचं.

घर जवळच होतं, लेण्यांच्या बाजूला चढावर, बैठ्या चाळीत दोन खोल्या. बायको जानकी, मुलगी सुगंधा, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान लवू, आणि गुणाजीची म्हातारी आई, जिला सगळी चाळ आये म्हणायची. सुगंधाला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला होता. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि काखेत कुबड्या. गुणाजी तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून शाळेत न्यायचा. कॅरियरवर त्याने तिच्यासाठी पाठ असलेली छोटी सीट बसवली होती. ती वाढेल तशी दर जूनमध्ये ती सीटही वाढवायचा.

पंच्याऐंशी साली त्याची धाकटी बहीण प्रेमा नवरा गेल्यावर तीन वर्षांच्या दादूला घेऊन भावाकडे आली. घरात पाचाचे सात झाले. प्रेमा स्वभावाने इतकी गरीब, की दोन खोल्यांत तिने स्वतःला जागाच लागू दिली नाही. जेवायला सगळ्यांच्या शेवटी, झोपायला उंबऱ्याशी. गुणाजीला ते खुपायचं. "अगं, आत सरक ना," म्हणायचा. ती "बरं आहे मला इथे," म्हणायची आणि तिथेच पडायची.

शहाऐंशीच्या डिसेंबरात मुलुंडला गुणाजीच्या मामेबहिणीचं लग्न होतं. सकाळचा मुहूर्त. सात माणसं, म्हणून दोन रिक्षा केल्या. पुढच्या रिक्षात गुणाजी, जानकीवहिनी आणि दोन मुलगे. मागच्या रिक्षात आये, प्रेमा आणि सुगंधा. पवईच्या तलावापाशी मागची रिक्षा बंद पडली. पुढच्यांना पत्ता नाही. ते हॉलवर पोचले, अक्षता पडल्या, तरी मागच्यांचा ठिकाणा नाही. गुणाजी हॉलसमोर रस्त्यावर येरझारा घालत होता. जेवणाची पहिली पंगत उठली तेव्हा एक भाजीचा टेम्पो येऊन थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी आये आणि मागे कोबीच्या पोत्यांमध्ये प्रेमा आणि सुगंधा.

टेम्पोवाला भला माणूस होता, त्याचं काही चुकलं नाही. त्याने तिघींना उन्हातून आणलं. पण सुगंधा पंधरा वर्षांची झाली होती. अनोळखी माणसाने तिला पोत्यासारखं उचलून वर ठेवलं होतं. आणि हॉलच्या दारात, वऱ्हाड बघत असताना, गुणाजी धावत पोचायच्या आधीच दोघा पाहुण्यांनी तिला बगलेत धरून खाली ओढलं. नवा परकर गुडघ्यांच्या वर गेला, पट्ट्या, बक्कलं सगळं उघडं पडलं. सुगंधाने परकर नीट केला, एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि जेवली नाही. घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी गुणाजी एका टॅक्सीची सीट उसवत होता. मध्येच दाभण खाली ठेवून पत्र्यावरून डोकावला.

"रतन, गाडी घ्यायची."

"कोणाची?"

"कोणाची काय? आपली. सातही जणं एका वेळी बसली पाहिजेत. एकही माणूस मागे राहता कामा नये."

मला हसू आलं. आमच्या गल्लीत रोज पन्नास गाड्या यायच्या, त्यातली एकही गल्लीतल्या माणसाची नव्हती. पण त्याचं तोंड बघून मी हसू गिळलं.

त्या दिवसापासून तो जो सुटला, तो चार महिने थांबला नाही. पैशाची तजवीज त्याने आणि वहिनीने काय केली ते मी विचारलं नाही. दुकान बरं चाललं होतं आणि नवी गाडी घ्यायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न कुठली घ्यायची हा होता. कुठे कोणी जुनी गाडी काढतोय असं कानावर आलं, की हा हातातलं काम टाकून निघायचा. दुकानावर "येतो" असं लिहिलेला पुठ्ठा लटकलेला असायचा. तो मीच रंगवून दिला होता.

फियाट त्याने पहिल्याच दिवशी बाद केली. अँबेसेडर बघायला आम्ही घाटकोपरला गेलो. मालक म्हणाला, "सात काय, नऊ बसतात. माझ्याच घरचे बसायचे."

"बसतात की कोंबतात?" गुणाजी म्हणाला. मागच्या सीटवर बसला, उजवीकडे सरकला, डावीकडे सरकला, मग मला मध्ये बसवून माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला. "दोन मुलं मांडीवर आली. मांडी म्हणजे सीट नव्हे."

नव्या मारुती व्हॅनचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. पण तिला नंबर लावून वाट बघायची, तर सुगंधाचं कॉलेज होऊन गेलं असतं.

मग कोणीतरी सांगितलं की मढला एका बंगल्यात जुनी परदेशी स्टेशन वॅगन पडून आहे. शूटिंगला भाड्याने देतात तो बंगला. वर्सोव्याहून तरीने आम्ही पलीकडे गेलो. गाडी खरंच राजेशाही होती, लांबलचक, तीन रांगा. तिच्यात बसल्यावर गुणाजीने पहिल्यांदा लगेच खोड काढली नाही. मला वाटलं, जमलं. तासभर तो या सीटवरून त्या सीटवर बसत होता. राखणदार चिडला, कारण याने रेक्झिनचा कोपरा उचलून आतला काथ्यासुद्धा बघितला. शेवटी तो सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसला. त्या रांगेचं तोंड मागच्या बाजूला होतं.

"इथे कोण बसणार?" त्याने मला विचारलं.

"कोणीही बसेल."

"कोणीही नाही. प्रेमा बसेल. तिला कोणी सांगायच्या आधीच ती इथे येऊन बसेल. कुठे चाललोय ते तिला शेवटपर्यंत दिसणार नाही, मागे सुटलेलं तेवढं दिसणार." तो खाली उतरला. "नको. सातातली एकही सीट हलकी नको."

येताना तरीत तो उभाच होता. नावाडी दोनदा बस म्हणाला तरी बसला नाही.

मार्चमध्ये सुगंधाची दहावीची परीक्षा झाली. जूनपासून पार्ल्याचं कॉलेज, म्हणजे सायकलचं काम नव्हतं. गुणाजीची घालमेल वाढली. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "रतनभावजी, यांना सांगा हो काहीतरी. जेवताना पानात बोटांनी गाडीचा नकाशा काढतात."

एप्रिल आला. माझी चौदा तारखेच्या जयंतीच्या बॅनरांची गडबड चालू होती, तेवढ्यात गल्लीतल्या शिवदासने एक लांब बॉडीची जीप विकायला काढली. पुढे तिघं, मागे समोरासमोर दोन बाकं. इंजिन उत्तम. गुणाजीने शिवदासला विनवून जीप ट्रायलला मागितली आणि रविवारी सकाळी चाळीच्या तोंडाशी आणून उभी केली. मलाही बोलावलं होतं. अर्धी चाळ जमली.

आये जीपकडे बघून म्हणाली, "ह्या घोड्यार चढूक शिडी खंय आसा?" मग स्टूल आणलं आणि तिला पुढे चढवली. मुलगे उड्या मारून मागे गेले. प्रेमा, वहिनी बसल्या. राहिली सुगंधा. ती कुबड्यांवर उभी राहून मागच्या फळीकडे बघत होती. फळी जवळजवळ तिच्या कमरेएवढी होती.

"चल गं बाय," गुणाजी म्हणाला. कुबड्या माझ्या हातात दिल्या, तिला दोन्ही हातांनी उचललं, आपला एक पाय पायरीवर ठेवला, आणि तिथेच त्याच्या कमरेत कळ आली. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता वाकला आणि दोघं खाली आले. सुगंधाची हनुवटी फळीच्या लोखंडावर आपटली. रक्त आलं. लोक धावले.

"नका उचलू!" ती किंचाळली. "कोणी नका उचलू मला!"

सगळे जागच्या जागी थांबले. तिने माझ्याकडे हात केला. मी कुबड्या तिच्याजवळ ठेवल्या. एक गुडघा, मग कोपर, मग एक कुबडी, मग कॅलिपरचं बक्कल खाडकन लावणं, असं करत ती उठायला लागली. उठली, हनुवटीचं रक्त बाहीला पुसलं आणि घराकडे चालू लागली. गुणाजी चाकापाशी पडला होता, त्याला उठताच येत नव्हतं. शेवटी आम्ही चौघांनी त्यालाच उचलून आत नेलं.

डॉक्टरांनी पंधरा दिवस सक्त झोपून राहायला सांगितलं. या माणसाला ती शिक्षाच होती. मी चौथ्या दिवशी मोसंबी घेऊन गेलो, तर उताणा पडून छताच्या पत्र्यावर नजर फिरवत होता.

"जीपच वाईट नाही रतन. मागे आणखी एक पायरी वेल्ड करून घेतली की झालं. म्हणजे मला तिला उचलताना एवढं ताणावं लागणार नाही."

सुगंधा पलीकडे स्टोव्हपाशी बसून लसूण सोलत होती. हनुवटीवर पट्टी. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबलेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती माझ्या टपरीसमोर उभी. एकटी. त्यांच्या घरापासून दुकानाला यायला मला दहा मिनिटं लागत, तिला पाऊण तास लागला असणार. घामाने चेहरा निथळत होता. मी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

"रतनकाका, मोजायची पट्टी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. दोन फुटी."

"मग मला गाड्या दाखवा." तिने दप्तराच्या पिशवीतून वहीचं पान काढलं. "मी घरी पाटांवर पाट ठेवून बघितलंय. अठरा इंच उंचीपर्यंत मी पाठमोरी होऊन बसू शकते. मग पाय हातांनी आत घ्यायचे. त्याच्यावर उंच असेल तर नाही जमत. आणि उजव्या हाताला धरायला काहीतरी पाहिजे. डाव्या हातात जोर कमी आहे."

मी ते पान वाचलं. चार महिने मी आणि गुणाजी वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत फिरलो होतो. गाडीत बसायला किती इंच, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

"बाबांना माहीत आहे, तू आलीयस ते?"

"नाही. त्यांना विचारलं तर ते उठून माझ्याबरोबर येतील."

तीन दुपारी आम्ही दोघं गल्लीत फिरलो. गाड्या दुरुस्तीला आलेल्याच असायच्या. मी मालकाची परवानगी काढायचो, ती पट्टी लावायची, पान भरायची. तिसऱ्या दिवशी अंधेरीच्या एका बेकरीची मॅटाडोर व्हॅन रंगाला आली. बेकरी बंद होत होती आणि मालकाला गाडी विकायची होती. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते, मागे खालून दांडा जात नाही, म्हणून तिचा तळ जमिनीला जवळ. सुगंधाने पट्टी लावली. सतरा इंच.

"काका, कुबड्या धरा. आणि कोणी हात लावू नका."

ती पाठमोरी झाली, दाराच्या कडेला हात टेकला, अंग मागे टाकलं. हात घसरला. ती धाडकन खाली बसली. समोरचे दोघं मेकॅनिक पान्हे टाकून धावले. मी हात आडवे केले आणि त्यांना थांबवलं. ती दोन मिनिटं धुळीत बसून राहिली. मग उठली आणि पुन्हा पाठमोरी झाली. या वेळी दाराच्या आतल्या पट्टीला धरलं आणि बसली. एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. मग बसल्या बसल्या सरकत पार मधोमध गेली. गाडी रिकामी होती, आत पावांचा वास. तिथून तिचा आवाज आला, "काका, इथे सात नाही, दहा बसतील! सीटा मात्र बाबांनीच बनवायच्या."

हे मी गुणाजीला कसं सांगायचं याचा विचार करत होतो, तोवर कोणीतरी त्याला जाऊन सांगितलंच, की तुझी पोरगी गल्लीत गाडीतून पडली. संध्याकाळी पाचला तो आला. कमरेला वहिनीचं जुनं लुगडं घट्ट बांधलेलं, अर्धा वाकलेला, एका हाताने भिंती धरत.

"माझी पोरगी पडली, आणि तू बघत उभा राहिलास?"

"हो. हात लावू नका म्हणाली होती."

"आणि तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"तुझी असती तर ऐकलं असतंस?"

मी म्हणालो, "ती दुसऱ्यांदा चढली, गुणाजी. एकटी चढली. ते सांगितलं का तुला कोणी?"

"माझ्या पोरीचा तमाशा केलास तू." एवढं बोलून तो गेला. दुसऱ्या दिवशी लवू आला आणि पत्र्याच्या भिंतीवर गोणपाट बांधून गेला. बापाने सांगितलं होतं.

सहा दिवस आम्ही बोललो नाही. तो दुकानात येऊन बसायला लागला होता. कण्हण्याचा आवाज यायचा, दाभणाचा यायचा नाही. माझाही कामात जीव लागत नव्हता. एका प्लेटवर मी आकडाच चुकवला.

पुढचं मला प्रेमाने सांगितलं. घरी सगळी जेवत होती आणि गुणाजी पुन्हा जीपच्या पायरीविषयी बोलायला लागला. आयेने ताट बाजूला केलं आणि सुगंधाकडे बोट दाखवलं.

"सात माणसांका बसवूक निघालंस, पण चेडवाक एकदा तरी इचारलंस?"

गुणाजी म्हणाला, "तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"ता माका म्हायत आसा. इचारलंस काय, ता सांग."

तेव्हा सुगंधाने वहीचं ते पान त्याच्यापुढे ठेवलं. बारा गाड्या, प्रत्येकीपुढे इंच, धरायला काय आहे, आणि शेवटी जमतं किंवा नाही. जीपपुढे लिहिलं होतं, सत्तावीस, नाही. गुणाजी ते पान घेऊन उठला, बाहेर ओट्यावर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. त्याची भाकरी तशीच राहिली.

सातव्या दिवशी गोणपाट बाजूला झालं. "रतन, ती बेकरीची गाडी गेली का रे?"

"नाही. रंग चालू आहे."

"सुगंधा येतेय चालत."

मॅटाडोरपाशी आम्ही उभे राहिलो. गुणाजीने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले होते. सुगंधा पाठमोरी झाली, तेव्हा त्याची बोटं पांढरी पडलेली मला मागून दिसत होती. ती बसली. पाय आत घेतले. बापाकडे बघितलं. मला वाटलं तो आता रडेल. तो कमरेवर हात ठेवून खाली वाकला आणि दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"इथे पत्र्याला धार आहे," तो म्हणाला. "मांडीला लागेल. रबर बसवतो."

गाडी ठरली ती अशी.

मे महिनाभर त्याने सीटा बनवल्या. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. एकेकाला दुकानात बोलावून काथ्याच्या गादीवर बसवायचा, मापं घ्यायचा. आयेची सीट खाली, म्हणजे तिची पावलं टेकतील. दादूची उंच, म्हणजे त्याला खिडकीतून दिसेल. सुगंधाची मधल्या रांगेत दाराशी. दाराजवळ त्याने गोल लोखंडी दांडा बसवला, त्यावर रेक्झिन शिवलं. सुगंधाने धरून बघितला.

"दोन बोटं खाली पाहिजे, बाबा."

"वर असला की जोर जास्त मिळतो गं."

"तुम्हाला मिळतो. मला खाली पाहिजे."

त्याने दांडा काढला आणि दोन बोटं खाली बसवला. आधी असं कोणी सांगितलं असतं तर तासभर वाद घातला असता.

प्रेमाला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय दादा, मागे कुठेही चालेल."

"तू पुढे. माझ्या शेजारी."

"अरे, वहिनी असताना मी कशी..."

"मला तोंडावर वारा लागला की डोकं दुखतं," वहिनी आतून म्हणाल्या. त्यांचं डोकं कधी दुखलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी प्रेमा पुढे बसली ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी. गाडी हायवेला लागली तेव्हा तिने हळूच खिडकीवर कोपर टेकलं.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. गुणाजी तिला सोडायला जायचा आणि परत यायचाच नाही. गेटबाहेर गाडी लावून उभा. सुगंधाला कोणी धक्का देईल, जिन्यावर घसरेल, प्रयोगशाळेत स्टूल उंच असेल. चौथ्या दिवशी तिने त्याला सांगितलं, "बाबा, तुम्ही दुकानात जा. गेटमधून सगळे तुमच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे." तो आला दुकानात. दर अर्ध्या तासाने मला किती वाजले विचारत होता. मधल्या रांगेतली तिची सीट त्या महिन्यात त्याने तीनदा उसवली.

त्या वर्षी गणपतीला सातही जणं गाडीने कोकणात गेली. सगळ्यांनी मिळून एका गाडीतून लांब जायची ती पहिलीच वेळ. मी अर्थात नव्हतो. लवूने येऊन सांगितलं ते असं, की कशेडीच्या घाटात बाबांनी चार वेळा गाडी थांबवून चाकं बघितली. आयेला उलटी झाली. दादू सगळ्या वाटेवर माकडं मोजत होता. आणि गावात पोचल्यावर गाडी रस्त्यावर थांबली, कारण घर, जिथे गुणाजीचे चुलतभाऊ राहायचे, ते खाली वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूला, आणि उतरायला चिऱ्याच्या चाळीस पायऱ्या. पावसाने शेवाळलेल्या.

सुगंधा दाराशी येऊन बसली आणि पायऱ्यांकडे बघत राहिली. गुणाजी तिच्याकडे बघत राहिला, पण पुढे झाला नाही.

"इथे माझं काही चालायचं नाही," ती म्हणाली. "लवू, काकांना बोलाव. खुर्ची आण आणि दोरी आण. खुर्चीचं तोंड वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे मी पुढे पडणार नाही." गुणाजी तेव्हा हलला, तर ती म्हणाली, "तुम्ही नको, तुमची कंबर. तुम्ही माझ्या कुबड्या घ्या."

लवू म्हणाला, बाबा कुबड्या छातीशी धरून सगळ्यांच्या पुढे उतरले आणि प्रत्येक पायरीवर थांबून मागे बघत होते. काका दोनदा ओरडले, की अरे, पुढे चल, आमच्या वाटेत उभा राहतोस.

सुगंधा अकरा दिवस खाली घरात राहिली. गावातल्या मुलींना कॉलेजच्या गोष्टी सांगितल्या, आरतीला झांजा वाजवल्या. गुणाजी मात्र दुसऱ्या दिवशीच फावडं घेऊन घराच्या मागच्या अंगाला गेला. पायऱ्या सोडून, लांबून वळसा घेत, चढ कमी करत वर रस्त्यापर्यंत वाट काढता येईल का ते बघायला. या वेळी आधी सुगंधाला खुर्चीवर तिथे बाहेर बसवून विचारलं, किती चढ तुला चालेल. तिने कुबडी जमिनीवर टेकवून दाखवलं. अकरा दिवसांत वीस हात वाट झाली आणि पावसाने त्यातली निम्मी वाहून गेली.

परत आल्यावर सकाळी त्याने दुकान उघडलं. हातांना घट्टे पडले होते, तोंड उन्हापावसाने रापलं होतं. पुठ्ठा खाली काढला, दाभण शोधलं, मग ते तसंच हातात धरून पत्र्यावरून डोकावला.

"रतन, चिऱ्याचा बांध नसेल, तर उताराची माती पावसात टिकते का रे?"

"मला काय ठाऊक? मी नंबरप्लेटा रंगवणारा माणूस."

"तेही खरंच," तो म्हणाला आणि कामाला लागला. दुपारी जेवण झाल्यावर मी हायवेपलीकडे एका इमारतीचं काम चालू होतं तिथे गेलो, एका गवंड्याला गाठलं आणि विचारून आलो.